किल्ली कोणाच्या कनवटीला?

१ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनाचे औचित्य साधून, राज्य शासनाने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जनतेला खुला केला. संगणकावरून उतारा काढून घ्यावा, त्यासाठी तलाठ्याच्या सजेवर खेटे घालण्याचे कारण उरू नये, असा हा बेत होता. बेत चांगला होता आणि त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. पेणच्या खारेपाटातील किंवा रोह्याच्या डोंगरवाड्यांतील शेतकऱ्याला एका उताऱ्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागे, एस.टी.चे भाडे खर्चावे लागे, आणि ‘भाऊसाहेब आज मीटिंगला गेलेत’ हे उत्तर ऐकून परतावे लागे. ही पायपीट ज्यांनी पाहिली आहे ते या सुधारणेला नाक मुरडणार नाहीत.

परंतु सुधारणेचे स्वागत केले म्हणजे तिच्याविषयीचे प्रश्न विचारण्याचा हक्क संपत नाही. पूर्वी उताऱ्यावर तलाठ्याची शाईची सही असे. ती सही त्याच्या हातात होती. हात दुसऱ्याला उसना देता येत नसे. आता ती सही एका गुप्त संख्येने होते. ही संख्या बोटभर लांबीच्या एका उपकरणात साठवलेली असते आणि ते उपकरण संगणकाला लावून एक सांकेतिक आकडा दाबला की सही उमटते. गावोगाव या वस्तूला ‘डोंगल’ म्हणतात. शास्त्राच्या भाषेत तिच्या पोटात असते ती किल्ली. हात उसना देता येत नाही, किल्ली देता येते. सारा प्रश्न येथून सुरू होतो.

कागद आणि जमीन

रायगड जिल्ह्यात जमिनीचा कागद ही निव्वळ कारकुनी बाब कधीच नव्हती. या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते त्या काळात अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. याच लढ्याच्या काळात, १९३७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा होण्यास १९४९ साल उजाडावे लागले. खोताची सत्ता जमिनीवर होती हे सर्वांना दिसत होते. पण ती तितकीच वहीवरही होती. कुळाने किती खंडी घातली, किती बाकी राहिली, हे ज्या वहीत लिहिले जाई ती वही खोताच्या ताब्यात असे आणि बहुतेक कुळांना ती वाचता येत नसे. लिहिणारा एक, भोगणारा दुसरा, ही शोषणाची मूळ घडण होती.

पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कूळकायद्याने कसणारा मालक झाला. तेव्हाही कागदाचे महत्त्व तेच राहिले. ज्याचे नाव कूळ म्हणून दप्तरात नोंदलेले होते त्याला जमिनीचा मार्ग मोकळा झाला. ज्याचे नाव कोणी घातलेच नव्हते, किंवा घालून मागाहून खोडले होते, त्याला पिढ्यान्पिढ्यांचा घाम पुराव्यादाखल दाखवता आला नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १५७ सांगते की, अधिकार अभिलेखातील नोंद खोटी असल्याचे सिद्ध होईपर्यंत ती खरीच मानली जाईल. म्हणजे नोंद करणाऱ्याच्या एका फटकाऱ्याने सिद्धतेचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसते.

विनोबांचा जन्म याच पेण तालुक्यातील गागोद्याचा. जमीन मागून घेण्याचा मार्ग त्यांनी देशाला दाखवला. पण त्यांच्या तालुक्यात गेली कित्येक वर्षे जमीन मागणारे निराळेच आहेत. मुंबईचे सान्निध्य, रुंद होणारा महामार्ग, रोह्यापासून सुरू होणारी कोकण रेल्वे, धाटावची औद्योगिक वसाहत या सर्वांनी येथील गुंठ्यागुंठ्याला भाव आणला. २००८ च्या सप्टेंबरमध्ये महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर पेण तालुक्यातील, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाला शेतकऱ्यांचे मत मतपत्रिकेने अजमावावे लागले. जमीन द्यायची की नाही हे विचारताना सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मत होते. सातबाऱ्यावर नाव नाही त्याला ना मोबदला, ना मत, ना विरोध. अशा मुलुखात जी किल्ली सातबाऱ्यावर सही उमटवते ती लाकडी पेटीच्या किल्लीसारखी खुंटीला टांगून ठेवण्याची वस्तू नव्हे.

किल्लीचे शास्त्र

हे शास्त्र समजण्यास गणिताची पदवी लागत नाही. गुप्त संदेश पाठवणाऱ्यांपुढे शतकानुशतके एकच अडचण होती: दोघांनी बोलण्यापूर्वी दोघांकडे एकच किल्ली पोहोचली पाहिजे, आणि ती पोहोचवणारा जासूद वाटेत फितूर होता कामा नये. ऑग्युस्त केर्कहोफ्स या भाषाशास्त्राच्या अध्यापकाने १८८३ साली एक सूत्र मांडले. कुलूप कसे चालते हे शत्रूला ठाऊक आहे असे धरूनच चालावे. गुप्त राहिली पाहिजे ती केवळ किल्ली. त्यानंतर जवळजवळ एक शतकाने, १९७६ साली, व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघा अमेरिकी संशोधकांनी किल्ली दोन भागांत विभागण्याची कल्पना प्रसिद्ध केली. एक भाग जगजाहीर, दुसरा कायमचा खासगी. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ती प्रत्यक्ष चालवण्याची रीत शोधली. ब्रिटिश सरकारच्या गुप्तवार्ता खात्यातील जेम्स एलिस आणि क्लिफर्ड कॉक्स हे त्याआधीच त्याच विचारापर्यंत पोहोचले होते, परंतु खात्याने ते १९९७ पर्यंत दडवून ठेवले. जे ज्ञान सरकारच्या तिजोरीत कुजत पडले असते, ते खुल्या विद्यापीठांतून आले म्हणून जगाच्या उपयोगी पडले, हेही येथे नोंदवून ठेवावे.

या रीतीने सही कशी होते? उताऱ्यातील मजकुराचा गणिताने एक लहानसा ठसा काढला जातो. मजकुरातील एक अक्षर, एक अंक बदलला तरी ठसा पार बदलतो. हा ठसा खासगी किल्लीने बांधला जातो आणि जगजाहीर किल्लीने कोणालाही तो तपासता येतो. मराठी राज्यात पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब करण्याची वहिवाट होती, ती याच हेतूने: मजकूर धन्याचाच आहे हे कळावे आणि खाली कोणी पदरच्या चार ओळी घुसडू नयेत. आजही आपण एखादी गोष्ट पक्की झाली म्हणजे तिच्यावर शिक्कामोर्तब झाले असे म्हणतो. मात्र शिक्का जितका कोरीव असेल तितकी तो सांभाळणाऱ्याची जबाबदारी मोठी. उत्तम कोरलेला शिक्का अयोग्य हाती पडला तर खोटे पत्रही तितकेच उत्तम दिसते.

म्हणून या शास्त्रातील जाणकार किल्लीच्या जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब ठेवण्यास सांगतात. ती कोठे तयार झाली, कोणाच्या हाती दिली, कशात साठवली, कोणत्या कामापुरती वापरली, किती मुदतीने बदलली, हरवली तेव्हा रद्द कोणी व किती लवकर केली, आणि शेवटी नष्ट कशी केली. गणित या साखळीचा सर्वांत बळकट दुवा आहे. ते सहसा मोडत नाही. मोडतात ते माणसांचे दुवे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. डिजिटल सही त्या संगणकीय दस्तऐवजात असते, छापील कागदावर नव्हे. उतारा छापून घेतला की कागदावर राहते ते केवळ सहीचे चित्र. त्या चित्राची किंमत पडताळणी क्रमांक टाकून मूळ नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. बँकेच्या किंवा सोसायटीच्या खिडकीवर हे ताडून पाहण्याचे कष्ट कितीजण घेतात?

जबाबदारी एकाची, ताबा दुसऱ्याचा

२००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली. त्याच कायद्याचे कलम ४२ सांगते की, ज्याच्या नावाने प्रमाणपत्र आहे त्याने आपली खासगी किल्ली आपल्याच ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी घ्यावी. ती फुटल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस विनाविलंब कळवावे. आणि तसे कळवीपर्यंत जबाबदारी त्याचीच राहील. कागदावर हे सारे चोख आहे. आता प्रत्यक्षाकडे वळावे.

ग्रामपंचायतींना वित्त आयोगाचा निधी खर्च करण्यासाठी ई-ग्रामस्वराज या प्रणालीतून देयके काढावी लागतात. त्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. यामागचे तत्त्व निर्विवाद आहे. एकाने प्रस्ताव करावा, दुसऱ्याने तपासून संमती द्यावी. दोन किल्ल्यांशिवाय तिजोरी उघडू नये. पण ग्रामीण महाराष्ट्रात हिंडणाऱ्या कोणालाही हे दृश्य अपरिचित नाही की, अनेक ठिकाणी दोन्ही डोंगले पंचायतीच्या एकाच खणात असतात आणि दोन्हींचे सांकेतिक आकडे एकाच चिठ्ठीवर लिहिलेले असतात. सरपंच बाई असतील तर त्यांचे डोंगल त्यांच्या यजमानांच्या खिशात असणे हे तर जणू घरातले रीतीचे काम मानले जाते. दोन किल्ल्या एकाच हाती आल्या की त्या दोन राहत नाहीत.

यात बळी कोणाचा जातो? राज्यातील पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. आदिवासी व दलित सरपंच आरक्षणामुळे प्रथमच खुर्चीवर बसत आहेत. पेण-रोह्याच्या वाड्यांतील कातकरी समाज दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर स्थलांतर करतो. त्या समाजातून निवडून आलेली एखादी बाई मुलांना घेऊन भट्टीवर गेलेली असताना तिच्या नावाची सही गावात देयकांवर उमटू शकते. उद्या लेखापरीक्षणात गफलत निघाली तर कलम ४२ तिच्याकडेच बोट दाखवील, आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली गैरवर्तनाबद्दल पद जाईल तेही तिचेच. ज्या किल्लीला तिने कधी हात लावला नाही, त्या किल्लीची जबाबदारी मात्र पूर्णपणे तिची. खोताच्या वहीची आठवण होते ती याच ठिकाणी: लिहिणारा एक, भोगणारा दुसरा.

याचा दोष संगणक परिचालकावर ढकलून मोकळे होण्याची प्रथा पडली आहे. ती अन्यायाची आहे. हा तरुण तुटपुंज्या मानधनावर, नोकरीची शाश्वती नसताना, अनेक खात्यांची कामे उपसतो. नियमित वेतनासाठी त्याने आझाद मैदानावर वारंवार धरणी धरली आहेत. त्याने डोंगल मागून घेतलेले नसते, ते त्याच्या गळ्यात पडते. तलाठ्याची गोष्ट वेगळी नाही. आता त्याला ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे, पण एकाकडे अनेक गावे, त्यात निवडणुकीची, पंचनाम्याची, अनुदानाच्या याद्यांची कामे, आणि दिवसभर बंद पडणारा सर्व्हर, ही परिस्थिती नावाने बदलत नाही. रात्री सर्व्हर चालू झाला की सह्यांचा ढीग उपसायचा, आणि तो उपसण्यासाठी एखादा खासगी मदतनीस ठेवायचा, हा मार्ग त्याला परिस्थितीनेच दाखवला आहे. माणसे पुरवायची नाहीत, मुदती मात्र काटेकोर लावायच्या, आणि मग किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली म्हणून शिस्तभंगाची नोटीस काढायची, हे शासनाचे धोरण दुटप्पी आहे.

या ढिलाईचा परिणाम सातबाऱ्यावर काय होऊ शकतो? येथील घरटी एखादा भाऊ मुंबईला, बहीण सासरी, चुलते बडोद्याला, अशी स्थिती असते. सामायिक जमिनीला दहा-दहा हिस्सेदार असतात. महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद घातल्यावर नोटीस काढावी लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. कोणाचे नाव वारसनोंदीतून गळले आहे हे चाकरमान्याला गणपतीला गावी आल्यावर कळणार. आणि तोवर नोंद प्रमाणित होऊन गेलेली असणार. ती नोंद कोणाच्या किल्लीने, कोणत्या संगणकावरून, किती वाजता झाली, हे विचारले तर त्याला उत्तर मिळण्याची सोय काय?

पेणचा अनुभव

कुलूप फोडून चोरी होते, ही आपली समजूत पेणकरांनी फार मोठी किंमत देऊन दुरुस्त करून घेतली आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या पेण अर्बन सहकारी बँकेवर २०१० च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा बनावट कर्जखात्यांच्या आधारे शेकडो कोटी रुपयांची वाट लावल्याचे उघडकीस आले. सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांत गणपतीच्या मूर्ती घडवणारे कारागीर होते, निवृत्त शिक्षक होते, मुलीच्या लग्नासाठी पैसा साठवणाऱ्या विधवा होत्या. या बँकेत बाहेरून कोणी दरोडा घातला नव्हता. नोंदी करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांच्याच कारकिर्दीत नोंदी खोट्या झाल्या होत्या, आणि ज्यांचे पैसे होते त्यांना त्या वह्यांत डोकावण्याचा मार्ग नव्हता.

हा केवळ छोट्या गावच्या सहकारी बँकेचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील एका शाखेतून तेरा हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचा घोटाळा बाहेर आला. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीशी जोडलेलीच नव्हती. म्हणून पाठवलेल्या हमीची नोंद खातेवहीत न करताही काम भागत असे. संदेश अस्सल किल्लीनेच गेले होते. परदेशातील बँकांनी ते अस्सल म्हणूनच स्वीकारले. गणिताने आपले काम चोख केले. नोंद उघडी नव्हती म्हणून दरोडा वर्षानुवर्षे चालला. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत एकवीस हजारांहून अधिक बनावट खात्यांच्या आड मोजकी बुडीत कर्जे दडवल्याचे निघाले, तेव्हाही धडा तोच होता.

शिखरावरील किल्ली

कोणी म्हणेल, खाली गावात ढिलाई असेल, पण वरची यंत्रणा तर भक्कम आहे. डिजिटल प्रमाणपत्रांची उतरंड असते. सर्वांत वर केंद्र शासनाने नेमलेला नियंत्रक, त्याच्या खाली परवानाप्राप्त संस्था, त्यांच्या खाली तलाठी, सरपंच, वकील, व्यापारी. वरच्याने खालच्याची हमी घ्यायची. आता २०१४ च्या जुलैमध्ये काय घडले ते पाहावे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ही खुद्द शासनाची संस्था त्या वेळी अशी प्रमाणपत्रे देत असे. तिच्या अधिकारात गूगल आणि याहू यांच्या नावांची खोटी प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलच्या तंत्रज्ञांच्या ध्यानात आले. अशा प्रमाणपत्राच्या बळावर मधल्या माणसाला दुसऱ्याचा खासगी पत्रव्यवहार बिनबोभाट वाचता येतो. नियंत्रकाने त्या केंद्राची संबंधित प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली आणि प्रमाणपत्र देण्याची तेथील प्रक्रियाच भेदली गेल्याचे कळवले. त्याआधी २०११ साली नेदरलँड्समधील डिजीनोटार या संस्थेत असाच शिरकाव झाला. तेथून निघालेल्या खोट्या प्रमाणपत्राचा वापर इराणमधील लाखो लोकांचा पत्रव्यवहार टिपण्यासाठी झाला आणि ती संस्था महिन्याभरात दिवाळखोरीत गेली.

या दोन्ही घटनांनंतर जगाने जो उपाय अंगीकारला तो मोठा बोधप्रद आहे. कुलूप आणखी जाड करण्यावर लोक थांबले नाहीत. त्यांनी वही उघडी केली. संकेतस्थळांसाठी दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र एका सार्वजनिक नोंदवहीत नमूद व्हावे, त्या वहीतील ओळ नंतर कोणालाही खोडता येऊ नये आणि ती वही जगातील कोणालाही वाचता यावी, अशी पद्धत रूढ झाली. खोटे प्रमाणपत्र काढणे आजही अशक्य नाही. पण ते लपवून ठेवणे अवघड झाले आहे. आपल्या गावगाड्यात याच पद्धतीला चावडी वाचन म्हणतात. सातबाऱ्याच्या संगणकीकरणाच्या वेळी चुका शोधण्यासाठी शासनाने स्वतःच चावडी वाचनाची मोहीम घेतली होती. जे जगाला खोट्या प्रमाणपत्रांचा मार खाऊन सुचले, ते आपल्या चावडीला आधीपासून ठाऊक होते.

तोटा कोणी सोसायचा?

येथे प्रश्न तंत्रज्ञांच्या हातून निघून अर्थशास्त्राच्या प्रांतात येतो. केंब्रिज विद्यापीठाचे रॉस अँडरसन यांनी १९९३ साली बँकांच्या पैसे देणाऱ्या यंत्रांतील अफरातफरींचा अभ्यास मांडला. त्यांना दिसले ते असे. अमेरिकेत ग्राहकाने ‘हे पैसे मी काढले नाहीत’ असे सांगितले तर तो खोटे बोलतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर होती. ब्रिटनमध्ये बँका ‘आमची यंत्रणा चुकूच शकत नाही’ असे म्हणून ग्राहकालाच खोटे पाडीत. सामान्य समजुतीप्रमाणे अमेरिकी बँकांची कंबर मोडायला हवी होती. घडले उलट. नुकसान स्वतःच्या अंगावर येते म्हणून अमेरिकी बँकांनी यंत्रणा सुधारली. ते दुसऱ्याच्या माथी मारता येते म्हणून ब्रिटिश बँका गाफील राहिल्या. तात्पर्य साधे आहे. ज्याच्या हाती व्यवस्था सुधारणे आहे त्याच्यावरच तोटा पडला पाहिजे. तो दुसऱ्यावर ढकलण्याची सोय असेल, तर व्यवस्था कधीही सुधारणार नाही.

हे तत्त्व आपल्याकडेही मान्य झालेले आहे. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली ज्या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, त्याच बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढून ठरवले की, तिऱ्हाइताने केलेल्या अनधिकृत व्यवहाराची खबर ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर त्याच्यावर कसलाही भुर्दंड पडणार नाही. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर राहील. मग प्रश्न असा पडतो की, खात्यातील हजार रुपयांना जे संरक्षण मिळते ते वाडवडिलांच्या जमिनीला का नसावे? बँकेच्या खातेदाराला खरे मानायचे आणि सातबाऱ्याच्या खातेदाराला मात्र वर्षानुवर्षे प्रांताच्या कचेरीत आणि दिवाणी न्यायालयात पुरावे गोळा करीत फिरवायचे, हा कोणता न्याय?

पूर्वीच्या हस्तलिखित दप्तरात काय कमी घोटाळे होते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो खरा आहे. पाने फाडली जात होती, शाई ओतली जात होती, मागील तारखेच्या नोंदी घातल्या जात होत्या. संगणकाने यांतील पुष्कळ वाटा बुजवल्या. परंतु हस्तलिखितात खाडाखोड केली तर ती डोळ्यांना दिसे, अक्षर ओळखू येई, शाईचा रंग साक्ष देई. उसन्या किल्लीने केलेली सही मात्र खऱ्या सहीहून तिळमात्र वेगळी नसते. म्हणून जुन्या दप्तराकडे परत जाणे हे उत्तर नव्हे; नव्या दप्तरावर जुन्या चावडीची नजर बसवणे हे उत्तर आहे.

काय करता येईल

पहिली गोष्ट, किल्ली ज्याच्या नावाची त्याच्याच हाती राहील अशी व्यवस्था करणे शासनाचे कर्तव्य मानले जावे. नवनिर्वाचित सरपंचाला, विशेषतः आदिवासी आणि स्त्री सरपंचांना, डोंगल हाती देण्यापूर्वी त्यांच्याच बोलीत त्याचा अर्थ समजावून सांगितला जावा: ही तुमची सही आहे, ती कोणाला देऊ नका, हरवल्यास येथे कळवा. संगणक परिचालकाला त्याच्या कामापुरता अधिकार असलेली, त्याच्याच नावाची स्वतंत्र किल्ली द्यावी आणि त्याला रीतसर वेतन द्यावे. ज्याला स्वतःचे नाव नसते त्यालाच दुसऱ्याच्या नावाने काम करावे लागते.

दुसरी गोष्ट, बदली, निवृत्ती, राजीनामा किंवा मुदत संपणे या प्रत्येक प्रसंगी त्याच दिवशी जुनी किल्ली रद्द व्हावी आणि तिची जाहीर नोंद पंचायतीच्या फलकावर लागावी. कार्यभार सोपवताना दप्तराच्या यादीत डोंगलाची नोंद वही-शिक्क्यांच्या बरोबरीने असावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, सह्यांची रोजवही उघडी करावी. ‘आपली चावडी’ या नावाने फेरफाराच्या नोटिसा संगणकावर पाहण्याची सोय शासनाने केलेली आहेच. तिला पुढची पायरी जोडावी: कोणती नोंद, कोणाच्या किल्लीने, कोणत्या दिवशी व किती वाजता प्रमाणित झाली, हे प्रत्येक खातेदाराला पाहता यावे आणि ग्रामसभेत त्याचे वाचन व्हावे. रात्री दोन वाजता पन्नास नोंदी प्रमाणित झाल्या असतील, किंवा सरपंच भट्टीवर असताना तिची सही उमटली असेल, तर ते ओळखायला गणित लागत नाही. गाव पुरेसे आहे.

चौथी गोष्ट, किल्लीच्या गैरवापराची तक्रार आली तर ती सही योग्य हातानेच झाली हे सिद्ध करण्याचे ओझे शासनावर असावे आणि तोपर्यंत त्या नोंदीच्या आधारे खरेदीखत किंवा कर्जबोजा चढवण्यास स्थगिती मिळावी. हे ओझे आपल्यावर येते हे कळले की डोंगले खणातून बाहेर येतील, तलाठ्यांची रिक्त पदे भरली जातील आणि सर्व्हरही चालू राहतील.

चरीच्या कुळांनी सहा वर्षे पोटाला चिमटा घेऊन वहीवरील खोताची सत्ता उलथून टाकली. त्यांच्या नातवंडांपुढे आता वही नाही, तर वहीवर सही करणारी एक न दिसणारी संख्या आहे. ती संख्या गुप्त असावी, तसे शास्त्रच सांगते. परंतु ती कोणाच्या हाती आहे आणि तिने काय काय केले, हे गुप्त राहता कामा नये. किल्ली कनवटीला असावी. कनवट कोणाची, हे मात्र साऱ्या गावाला ठाऊक असावे.